पाव तासाचं मीठ

बाळकुम, ता. ७ फेब्रुवारी १८८९

तीर्थरूप बाबांच्या आणि आईच्या पायांवर गोविंदाचं डोकं.

(विश्रामभाऊ, हे पत्र सावकाश वाचून दाखवा. मागच्या खेपेला तुम्ही कल्याणची डाक गाठायच्या घाईत अर्धं पत्र गिळलंत, असं आईने सांगून पाठवलंय.)

राघोमामाकडे सगळे खुशाल आहेत. पायात गेलेली काच निघाली, आता ठाण्याच्या शाळेपर्यंत चालताना दुखत नाही.

बाबा, आज लिहायला बसलोय त्याचं कारण वेगळंच आहे. आज आम्ही शाळेत मीठ केलं! रसायनाच्या तासाला प्रभाकर मास्तरांनी दोन बाटल्या आणल्या. एकीत तेजाब होतं. बूच काढलं की धूर निघतो, आणि कापडावर थेंब पडला तर भोक. दुसरीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. ते बोटाला साबणासारखं सुळसुळीत लागतं आणि मग कातडी जाळतं. दोन्ही विषंच म्हणा ना. मास्तरांनी मला पुढे बोलावलं आणि सोड्याच्या पाण्यात तेजाब थेंब थेंब टाकायला सांगितलं. मधे मधे लिटमस नावाच्या कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या. निळी पट्टी तेजाबात तांबडी होते, तांबडी सोड्यात निळी होते. दोन्ही पट्ट्या आपापला रंग सोडेनाशा झाल्या की थांबायचं. आईला सांगा, हळदीत चुना घातला की कुंकू होतं ना, तसलाच प्रकार.

मग ते पाणी चिनी बशीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर आटवलं. तळाला पांढरं शुभ्र मीठ! मास्तरांनी आधी स्वतः चाखलं, मग आम्ही. अगदी आपल्या मिठागरावरच्यासारखं खारट. भरती नको, ऊन नको, पाच महिने पाय फोडून घ्यायला नकोत. पाव तासात मीठ तयार. चिमूटभर सोबतच्या पुडीत घातलंय. मी स्वतः केलेलं आहे.

आपला,
गोविंदा

*

डोंबिवलीच्या खाडीवरून, शनिवार, ता. १६ फेब्रुवारी

चिरंजीव गोविंदा यास बापूस काळुराम याचा आशीर्वाद. मी बोलतो तसंच विश्राम लिहितोय. शुद्ध कराचं नाय असं त्याला बजावलंय.

पोरा, तुला येड लागलाय का?

तुजा कागद विश्रामने वडाखाली वाचला. बारा-पंधरा मानसं बसलेली. "शाळेत मीठ केलं" हे ऐकल्याबरोबर धाकू उठून उभा राहिला आनी मागं बघाला लागला. रतनच्या आयसचं ठाऊक हाय ना तुला? गेल्या साली खाडीकाठची खारट माती खरवडून टोपलीभर मीठ काढलं, तर मीठखात्याच्या शिपायाने कल्याणच्या चावडीपर्यंत चालवत नेली. टोपलीभर! आनी तू सरकारी शाळेत बसून, वर दिवा लावून मीठ करतो, आनी ते सरकारच्याच टपालातून पाठवतो? तुजा मास्तर आत जाईल, त्याच्यासंग तू पन.

आपल्यात "मीठ केलं" असं कुनी बोलतं का कदी? मीठ पिकतं. भात पिकतो तसं पिकतं. लपूनछपून करतो तो चोर. एवढी सहा बुकं शिकलास आनी हे विसरलास?

पुडी मी खाडीत टाकली.

पाव तासात झालं म्हनतोस ते बरं झालं. आमी उगीच तीस वरसं उन्हात उभे राहिलो.

होळीच्या आधी बाडबिस्तरा घेऊन निघून ये. इथं हातांची गरज हाय. शाळा पुरे.

बापूस काळुराम

ता. क. लिहिणार विश्राम: गोविंदा, "आनी" आणि "कुनी" लिहिताना माझ्या हाताला किती यातना होतात ते देव जाणे. पण तो खरंच घाबरलाय रे. आणि चूक माझीही आहे. मी आधी मनात वाचून मग मोठ्याने वाचायला हवं होतं. आता गावभर झालंय.

*

बाळकुम, ता. २० फेब्रुवारी १८८९

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "पाव तास" हे मी लिहायला नको होतं. खरं काय ते आज सांगतो, कारण न सांगता चालणार नाही.

वर्गात मी एकटाच आगरावरचा. पावसाळ्यात पायाच्या भेगा भरतात, पण हिवाळ्यात पुन्हा उघडतात, आणि बाकावर बसलो की पोरं खाली वाकून बघतात. "मिठागर आलं" म्हणतात. मी हे कधी लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, मग कशाला जातोस. त्या दिवशी मास्तरांनी मलाच पुढे बोलावलं, आणि बशीत मीठ दिसलं तेव्हा सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. माझ्या पायांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या आनंदात मी तुमच्या तीस वर्षांवर पाय दिला. चुकलो, बाबा.

तुरुंगाचं म्हणाल तर तशी भीती नाही. मी मास्तरांना तुमचं पत्र दाखवलं. ते आधी इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "तुझे वडील म्हणतात ते मी कधी डोक्यातच आणलं नाही." शाळेचा दिवा, शाळेचं तेजाब, चिमूटभर माल. पण मीठखात्यात विचारून घेतो म्हणाले.

आणखी एक. मास्तर "साल्ट" म्हणतात, त्याला मी मीठ म्हणतो. पण रसायनात साल्ट ही मोठी जात आहे. तुरटी साल्ट, मोरचूद साल्ट, हिराकस साल्ट. आपलं मीठ त्यातलं एक. म्हणजे मोरचूदही एका अर्थी मीठच.

आता मास्तरांच्या मनात आहे की खाडीचं पाणी आटवून त्यात काय काय निघतं ते बघायचं. बाळकुमच्या धक्क्यावरून मीच घागर आणणार आहे. पुस्तकात एवढंच लिहिलंय की "आटवा". पण आपण सगळं आटवत नाही ना? तुम्ही शेवटचं पाणी सोडून देता. मी लहानपणापासून बघितलं, पण का सोडता हे कधी विचारलं नाही. मास्तरांनाही माहीत नाही. थांबायचं कधी हे तुम्हाला कसं कळतं?

परीक्षा नोव्हेंबरात आहे. तेवढी देऊ द्या. मग तुम्ही सांगाल ते करीन.

आपला,
गोविंदा

*

डोंबिवली खाडी, शनिवार, ता. २ मार्च

चिरंजीव गोविंदा यास आशीर्वाद.

विश्रामने या वेळी कागद आधी मनात वाचला, मग झोपडीत येऊन मना आनी तुज्या आयसला वाचून दावला. बाहेर कुनी नवता.

पयलं भांडन. मोरचूद मीठ कसं? मोरचूद खाऊन मानूस मरतो. मिठावर मानूस शपथ घेतो. ज्याचं खाल्लं त्याला जागतो ते मीठ. मोरचूदाला कोन जागतो? तुज्या मास्तरला सांग, दुसरा शब्द शोध. आमचा शब्द आमच्याकडे राहू दे.

आनी आता ऐक. तेजाबाचं जाऊ दे, ते मना कळत नाय. पन खाडीचं पानी घागरीत आनून आटवशील तो खरा गुन्हा! रतनच्या आयसला तर नुसत्या खारट मातीपायी नेली. शिपायाने विश्रामला दोनदा विचारलंय, काळुरामच्या पोराने काय लिहिलंय म्हनून. मास्तरला सांग, आधी परवाना घे. नायतर मी स्वतः येऊन घागर फोडीन.

पानी कवा सोडाचं ते विचारतोस. तीस वरसांत मना हे कुनी विचारलं नाय. आगराचा मालक शिलोत्रीदार, त्याने विचारलं नाय, साहेबाने नाय. मोजून घेतात आनी जातात.

भरतीचं पानी पयल्या वाफ्यात घ्याचं, मग दुसऱ्यात, मग बारक्यात. ऊन खाऊन ते घट्ट होतं. बारक्या वाफ्यात दाना धरतो. पांढरा, चौकोनी. तवा खूप बरं वाटतं. रोज सकाळी दोन बोटं पान्यात बुडवाची आनी एकमेकांवर घासाची. पयले दिवस पानी पान्यासारखंच लागतं. मग एक दिवस येतो तवा बोटं सरकतात, तेल लागल्यासारखी. जिभेवर ठेवलं तर आधी खारं आनी मागून कडू. आमी त्याला कडू दिस बोलतो. त्या दिवशी, दाना अजून येत असला तरी, पानी सोडून द्याचं. वाटतं एक दिवस अजून ठेवू. ठेवलं तर सगळं पीक कडू होतं, आनी पावसाळ्यात असं मीठ मडक्यात रडतं. माज्या बापसाने मना हे सांगितलं नाय, माजं बोट धरून पान्यात बुडवलं. मी तुजं बुडवलं नाय, तू शाळेत गेलास.

पायांचं लिहिलंस ते तुज्या आयसने पुन्हा वाचून घेतलं. ती आमसुलाचं तेल पाठवते, ते लाव.

होळीला ये हे मी मागं घेतलं नाय.

काळुराम

ता. क. विश्राम: खाडीत टाकलेल्या पुडीबद्दल मी काहीही लिहिणार नाही. तुझ्या आईने, सखुबाईंनी, शपथ घातली आहे. तीही मिठाची.

*

ठाणे, ता. १३ मार्च १८८९

राजश्री काळुराम यांस प्रभाकर मास्तर यांचा सविनय नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही, पण तुमच्या दोन पत्रांनी माझ्या वर्गात पुष्कळ काम केलं आहे, म्हणून लिहितो. पोस्टमन विश्राम यांना विनंती की त्यांनी हे पत्र गिळू नये.

आधी चूक कबूल करतो. साल्टला मीठ म्हणालो तो मी. तुमचं म्हणणं वाचल्यावर फळ्यावर नवं वाक्य लिहिलं: मीठ हा एक क्षार आहे, पण सगळे क्षार म्हणजे मीठ नव्हे. एका मुलाने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी सांगितलं, डोंबिवलीच्या खाडीवर.

दुसरं, परवाना. मीठखात्याच्या ठाण्याच्या कचेरीत मी स्वतः गेलो. तिथल्या साहेबांना आधी माझी चेष्टाच वाटली. मग ते म्हणाले, तेजाबाच्या चिमटीशी आमचा संबंध नाही, पण खाडीचं पाणी आटवण्याआधी विचारलंत ते फार चांगलं केलंत. दोन घागरी पाण्यापुरती परवानगी त्यांनी लिहून दिली आहे. तिची नक्कल सोबत आहे. तुमच्या शिपायाला दाखवा. तुम्ही रागावला नसता तर पुढच्याच सोमवारी आम्ही सगळा वर्ग चावडीवर उभा असतो.

आता प्रयोग. पाण्याचे दोन वाटे केले. एक गोविंदाकडे दिला, दुसरा शेवटपर्यंत आटवला. गोविंदा घटकेघटकेला पाणी थोडं निववून दोन बोटं बुडवी, घाशी, आणि मान हलवी. मुलं हसत होती. मीही, खरं सांगायचं तर, मनात हसत होतो. मग त्याने एकदा बोटं घासली आणि त्याचा चेहराच बदलला. "मास्तर, सरकतंय," म्हणाला. मी बोट बुडवलं. सरकत होतं. जिभेवर ठेवलं, आणि मागून ती कडू चव आली. मी बारा वर्षं रसायन शिकवतो, पण त्या दिवसापर्यंत कुठल्या पाण्याला जीभ लावून थांबलो नव्हतो.

त्याचं मीठ कोरडं आणि पांढरं निघालं. दुसऱ्या बशीतलं दोन दिवसांत कागदावर ओलं झालं. तुम्ही म्हणता तसं रडलं. आणि जे पाणी तुम्ही सोडून देता, ते आम्ही वेगळं आटवून निववलं तेव्हा त्यात सुयांसारखे स्फटिक धरले. त्या क्षाराला मॅग्नेशियमचा क्षार म्हणतात, आणि औषधाच्या दुकानात तो जुलाबासाठी विकतात. म्हणजे तुमच्या वडिलांनी तुमचं बोट धरून जे शिकवलं ते पूर्णपणे खरं होतं. त्याला नाव तेवढं नव्हतं.

आता विनंती. शाळेत मला हुशार मुलं भेटतात. "काय होतं" असं सगळे विचारतात. "थांबायचं कधी" असं विचारणारा हा पहिला. त्याला नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे राहू द्यावं. तुमचा हात आगरावर कमी पडतो याची मला जाणीव आहे, म्हणून हे मी हक्काने मागत नाही. तुम्ही त्याला परत बोलावलंत तर मी स्वतः त्याला गाडीत बसवून देईन.

आणखी एक मागणं. कडू दिवशी सोडून द्यायच्या पाण्याची एक बाटली मिळाली तर शाळेच्या फळीवर ठेवीन.

आपला,
प्रभाकर

बाबा, मास्तरांच्या पत्राखाली दोन ओळी माझ्या. होळी तोंडावर आली तरी मी निघालो नाही, कारण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचल्याशिवाय निघवेना. पेटी बांधून ठेवली आहे. तुम्ही "ये" म्हणालात तर त्याच दिवशी येईन, तोंड वाकडं न करता. बोट सरकलं तेव्हा मला तुमची फार आठवण आली. गोविंदा.

*

डोंबिवली खाडी, शनिवार, ता. २३ मार्च

चिरंजीव गोविंदा यास आशीर्वाद, आनी मास्तरांना रामराम.

मास्तरांचा कागद होळीच्या आदल्या दिवशी आला. "राजश्री काळुराम" एवढंच विश्रामने तीनदा वाचलं, कारन मी दोनदा बोललो की नीट ऐकू आलं नाय. पुढचं सगळं एकदाच वाचलं तरी चाललं.

परवान्याचा कागद शिपायाला दावला. त्याने उलटा धरून वाचला. मी त्याला बोललो, हे बघ, माज्या पोराने शाळेत मीठ केलं, पिकवलं नाय. तुमचं खातं पिकलेल्या मिठाचं. त्याने कागद सुलटा केला, परत बघितला आनी बोलला, हे बरोबर हाय. तवापासून तुज्या कागदाचं विचारत नाय. रतनच्या आयसने हे ऐकलं आनी ती इतकी हसली की मना वाटलं गेल्या सालचं पन थोडं निघून गेलं.

मास्तरांना सांग, मी रागावलो त्याचं कारन निम्मं शिपाई आनी निम्मं पाव तास. शिपायाचं संपलं. पाव तासाचं असं. तू मीठ कराला शिकलास. आमी पिकवतो. दोन कामं वेगळी हायत हे मना आता पटलं. मना एकच येतं, तुज्या मास्तरांना दुसरंच येतं. दोन्ही येनारा आपल्या खाडीवर अजून कुनी झाला नाय. कडू पान्याचं जुलाबाचं औषध होतं हे मना तीस वरसांत ठाऊक नवतं. आमी त्यात पाय बुडवून उभे आनी वर म्हनतो शेवटचं पानी वाईट! बाकीच्या आगरवाल्यांना सांगितलं. धाकूला वाटतं मी चेष्टा करतो.

नोव्हेंबरपर्यंत रहा. पेटी सोड. सुट्टी लागली की मीठ ओढाला ये, तवा या सालचा कडू दिस अजून आलेला नसला तर तुज्या हाताने ठरवू. मी बाजूला उभा राहीन, बोलनार नाय.

बाटली विश्रामबरोबर पाठवतो. गेल्या सालच्या शेवटच्या पान्याची हाय, एका मडक्यात राहिलेली. बूच मेनाने लावलंय. मास्तरांना सांग, जीभ लावा, पन पिऊ नका. जुलाब होईल.

पायांना तेल लाव. आनी कुनी वाकून बघितलं तर बघू दे. त्यांना काय दिसतंय ते त्यांनाच ठाऊक नाय.

बापूस काळुराम

ता. क. विश्राम: माझ्यावरची शपथ सुटली आहे, म्हणून सांगतो. पुडी खाडीत गेलीच नव्हती. तुझ्या वडिलांनी ती टाकायला नेली आणि तशीच परत आणून सखुबाईंच्या हातात दिली. महिनाभर ती कुंकवाच्या करंड्यात होती. धुळवडीच्या दुपारी मी डाक घेऊन आलो तेव्हा त्यांनी मला जेवायला थांबवलं. (हे कल्याणात कुणाला कळवू नकोस.) खाडीच्या कोळंबीचं कालवण होतं. सखुबाईंनी पुडी सोडली, तुझी चिमूट पातेल्यात टाकली, आणि घरातल्या मडक्यातलं मीठ त्या दिवशी मुळीच घातलं नाही.

एवढ्या पातेल्याला ती चिमूट कुठली पुरणार? कालवण ठार अळणी होतं. मी मुकाट्याने गिळलं. सखुबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. तीस वर्षं मिठात उभा राहिलेला माणूस, याला तर पहिल्या घासाला कळणार.

काळुरामने पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "बरोबर झालंय." मग त्याने पातेलं पुढे ओढून दोनदा वाढून घेतलं.